नुकसानीचा हिशेब

कायद्याच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना खून, दरोडा, जामीन यांची ओढ असते. टॉर्ट, म्हणजे अपकृत्यांचा कायदा, सुरुवातीला त्यांना परका वाटतो. फौजदारी कायद्यासारखं त्याचं एक पुस्तक नाही, पाठ करायला कलमांचे क्रमांक नाहीत. फ्रेडरिक पोलॉक यांनी 1886 मध्ये भारतासाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा करून दिला होता, पण त्याचा कायदा झालाच नाही. त्यामुळे हा विषय निवाड्यांतून उभा राहिला. कुणीतरी निष्काळजीपणा केला, कुणाचं तरी नुकसान झालं, तो माणूस कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी काहीएक ठरवलं, अशा असंख्य हकिकतींचा मिळून हा कायदा झाला आहे.

मी नोकरीतली सगळी वर्षं हाच विषय शिकवला. निवृत्तीनंतर लोक विचारतात, एकच विषय इतकी वर्षं शिकवून हाती काय लागलं? माझं उत्तर असं आहे: माणसाच्या नुकसानीचा हिशेब बारकाईने मांडणं म्हणजे त्या माणसाचा मान राखणं. आणि आपल्या समाजात नेमकी याच हिशेबाची लोकांना लाज वाटते. कोर्टातला विलंब, कोर्ट फी, वकिलांचा खर्च या अडचणी आहेतच. पण त्या सगळ्यांच्या आधी ही लाज दारात उभी असते.

मी शिकवायला लागले तेव्हा टॉर्टचा पहिला तास सगळीकडे एकाच बाटलीपासून सुरू व्हायचा. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात 1928 साली एका बाईने जिंजर बिअर प्यायली आणि अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली तिच्या मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे दुकानदाराशी तिचा करार नव्हता. तरीही उत्पादकाने तिची काळजी घ्यायला हवी होती का, हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1932 मध्ये उत्तर मिळालं की हो, घ्यायला हवी होती. आपल्या कृतीची झळ ज्याला लागेल हे आधीच कळण्याजोगं आहे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी, हे लॉर्ड ॲटकिन यांचं सूत्र आजही या विषयाचा पाया आहे. मुलं गोगलगायीला हसायची, सूत्र लिहून घ्यायची आणि विसरायची.

पुढे मी पहिल्या तासाला पळशेत आणायला लागले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावच्या किनाऱ्यावर मे 1953 मध्ये विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. घरच्यांनी त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं आणि काही दिवसांत मुलगा गेला. वडील कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता करायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार करताना काळजी. त्या तासाला कुणी हसत नसे. समोरच्या बाकांवरच्या अनेकांनी आपल्या घरातलं आजारी माणूस रात्री गाडीत घालून पुण्या-मुंबईला नेलेलं असायचं. सूत्र तेच, पण आता ते त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावरून आलेलं असायचं.

माझ्या कामाची दिशा बदलली ती वर्गाबाहेर. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे आम्ही तालुक्याच्या गावी शिबिरं घेत असू. उसाचा हंगाम चालू असताना एका शिबिरात सासऱ्याबरोबर एक तरुण बाई आली. काम रेशनकार्डावरच्या नावाचं होतं. नाव का कमी करायचं असं विचारल्यावर कळलं की तिचा नवरा मोटारसायकलवरून रात्री घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. ट्रॉली बंद पडलेली होती. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हते, रस्त्यावर दगड किंवा झाडाची फांदीही ठेवलेली नव्हती. त्यांनी दावा लावलेला नव्हता. लावायचा असतो हे माहीत होतं, पण म्हाताऱ्याने मान हलवली. "बाई, पोराचं पैसं खाऊन कुठं फेडायचं? त्याची वेळ आली हुती." सून खाली बघत राहिली.

मी त्यांना कायदा समजावायला बसले नाही. मी विचारलं, "मामा, मुलगा काय काय करायचा?" म्हाताऱ्याने सांगायला सुरुवात केली आणि बराच वेळ थांबलाच नाही. पहाटे दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालायचा. दिवसभर गवंडीकाम. संध्याकाळी वैरण. बहिणीच्या लग्नाचं कर्ज तोच फेडत होता. आईचं औषध तोच आणायचा. माझा एक विद्यार्थी शेजारी बसून हे सगळं वहीत उतरवत होता. म्हातारा बोलायचा थांबला तेव्हा त्याने ते सगळं वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "एवढं करायचा व्हय रं तो," आणि मग सुनेकडे बघून म्हणाला, "घाला दावा."

त्या मुलाकडे पगारपत्रक नव्हतं. विमा कंपन्या आणि कोर्टं दोघांनाही कागद लागतो. माझ्या विद्यार्थ्यांनी डेअरीतून दर दहा दिवसांच्या दूधबिलांचा उतारा मिळवला. ज्या ठेकेदाराकडे तो गवंडीकाम करायचा, त्याला साक्षीला तयार केलं. पतसंस्थेतून कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी आणल्या. पंचनाम्यात ट्रॉलीच्या मागे दिवा नसल्याची नोंद होती, तीच पुढे दाव्याचा कणा ठरली. विमा कंपनीचं म्हणणं होतं की मागून येऊन आदळणाऱ्याचाच दोष. न्यायाधिकरणाने मोटारसायकलस्वाराच्या वेगाचा थोडा दोष धरला आणि तेवढी रक्कम वजा केली, पण मुख्य जबाबदारी दिव्याशिवाय रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॉलीवर टाकली.

निकालाची प्रत वाचून दाखवायला आम्ही गेलो तेव्हा त्या बाईने रक्कम एकदाच ऐकली. दिव्याचा परिच्छेद मात्र तिने पुन्हा वाचायला लावला. "म्हंजे दिवा असता तर झालं नसतं," ती म्हणाली. "असं कोर्टानं लिवलंय?" लिहिलं होतं. इतके दिवस सगळं गाव तिला वेळ आली होती असं सांगत होतं. आता एका न्यायाधीशाने सही करून सांगितलं होतं की हे टाळता आलं असतं, आणि टाळणं कुणाचं काम होतं. पैशांनी तिची मुलं शिकली, हे खरंच महत्त्वाचं आहे. पण त्या दिवशी मला कळलं की निकालातून माणसाला आणखीही काही मिळतं.

या शिबिरानंतर मी परीक्षेचे प्रश्न बदलले. आमच्या प्रश्नपत्रिकांत नेहमी 'क्ष'ची गाडी 'य'ला धडक द्यायची. 'य' किती वर्षांचा, काय करायचा, त्याच्यावर कोण अवलंबून, याचा पत्ता नसे. मी प्रश्नातल्या माणसाला वय दिलं, धंदा दिला, म्हातारी आई दिली, शाळेत जाणारी मुलं दिली. विद्यार्थ्यांनी तत्त्व तर सांगायचंच, शिवाय रकमेचा हिशेबही मांडायचा. सुरुवातीला काही सहकाऱ्यांना हे कारकुनी काम वाटलं. माझं म्हणणं होतं की ज्याला हिशेब येत नाही, त्याने जबाबदारी सिद्ध करूनही अशिलाच्या पदरात काही पडत नाही.

तेव्हा हा हिशेब न्यायाधिकरणागणिक वेगळा व्हायचा. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा निकालात गुणकाचा, म्हणजे वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे किती पटीने गुणायचं याचा, एकच तक्ता घालून दिला, आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने भविष्यातल्या वाढीचं प्रमाण ठरवलं. फळ्यावर हा हिशेब असा उतरतो. 38 वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा माणूस, महिन्याची कमाई 12,000 रुपये. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार, म्हणून 40 टक्के वाढ धरायची: 16,800. वर्षाचे 2,01,600. बायको, दोन मुलं आणि आई असे चौघे अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःवरचा खर्च एक चतुर्थांश वजा: 1,51,200. वय 36 ते 40 मध्ये, म्हणून गुणक 15. झाले 22,68,000. त्यात अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी वगैरे ठरावीक रकमा मिळवायच्या. मी मुलांना सांगायचे की यातला प्रत्येक आकडा एका वादातून आला आहे. वाढ धरायची की नाही यावर कुणीतरी भांडलं आहे. हातावर पोट असलेल्या माणसाचीही कमाई वाढत जाते, हे कोर्टाला पटवून द्यावं लागलं आहे.

सर्वांत अवघड हिशेब घरातल्या बाईचा. 1994 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरलं गेलं, आणि न कमावणाऱ्या जोडीदाराचं, कमावणाऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे दोन घरांत दोन बायका तेवढंच राबल्या, तरी एकीचा नवरा बँकेत आणि दुसरीचा शेतमजूर असेल तर त्यांच्या राबण्याचा आकडा वेगळा. जमशेदपूरला 3 मार्च 1989 रोजी एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. भरपाई ठरवण्याचं काम माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे आलं. त्यांनी गृहिणींच्या कामाचं मोल वर्षाला काहींचं 12,000, काहींचं 10,000 धरलं होतं. लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ते फारच कमी ठरवलं आणि महिन्याला 3000 रुपये धरले. पुढे 2010 च्या एका निकालात न्यायालयाने याबद्दल नाराजी नोंदवली की जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांबरोबर बिगर-उत्पादक गटात टाकलं जातं.

हे निकाल शिकवताना मी दर वर्षी एक काम द्यायचे. आपल्या आईचा कालचा दिवस लिहा, आणि तिने केलेलं प्रत्येक काम बाहेरून करून घ्यायचं तर आपल्या गावात काय दर पडेल तो शेजारी लिहा. मुली भराभर लिहायच्या. मुलं पेन धरून बसायची. एका मुलाने उठून सांगितलं की त्याला आई किती वाजता उठते हेच माहीत नाही, कारण तो उठतो तेव्हा ती उठलेलीच असते. मी म्हटलं, घरी फोन लाव आणि विचार. दुसऱ्या दिवशी त्याने आणलेल्या यादीत पाणी, शेण, धारा, डबे, दुसऱ्याच्या रानात खुरपणी, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करणं, धाकट्याचा अभ्यास, असं पानभर होतं. आजीच्या देखभालीचा दर त्याला ठरवता येईना. शहरात आजाऱ्याकडे राहणाऱ्या बाईला काय देतात हे त्याने चौकशी करून काढलं होतं, पण आई रात्री दोनदा उठते त्याचा दर काय लावायचा, असं त्याने विचारलं.

वर्गात यावर फार चांगला वाद झाला. एका मुलीचं म्हणणं, आईच्या कामाला दर लावणं हाच तिचा अपमान. दुसरी म्हणाली, दर लावला नाही म्हणून तर ते फुकट समजलं गेलं. मी मत दिलं ते असं की आईच्या मायेचा दर कुणीही लावत नाही. ती गेल्यावर घराला जी कामं करून घ्यावी लागतील, त्यांचा खर्च कोर्ट मांडतं, आणि तो मांडताना ती काय काय करत होती हे जगाच्या पाठीवर पहिल्यांदा लिहिलं जातं. जानेवारी 2021 च्या कीर्ती प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी घरातल्या कामाबद्दल जवळजवळ हेच लिहिलं, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो निकाल मला पाठवला. त्या दिवशी मला आपलं काम सार्थ झाल्यासारखं वाटलं.

हिशेब न करता तडजोड केली तर काय होतं, हे शिकवायला भोपाळ पुरेसं आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथल्या कारखान्यातून विषारी गॅस सुटला. भारत सरकारने पीडितांच्या वतीने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. तिथे आपल्या सरकारने सांगितलं की भारतीय न्यायव्यवस्था एवढा मोठा दावा पेलू शकणार नाही, आणि कारखान्याच्या मालक कंपनीतर्फे नानी पालखीवाला यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की ती नक्की पेलेल. 1986 मध्ये अमेरिकी न्यायाधीशांनी दावा भारतात पाठवला. त्याच वर्षी डिसेंबरात, दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीच्या प्रकरणात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचं तत्त्व मांडलं: घातक उद्योग चालवणाऱ्याने त्यातून झालेल्या हानीची भरपाई द्यायचीच, कुठलाही अपवाद नाही. तत्त्व हाताशी असताना भोपाळचं प्रकरण फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर मिटवलं गेलं. मृतांचा आकडा तेव्हा 3000 च्या आसपास धरला होता. दाव्यांची तपासणी होत गेली तसा तो 5000 च्या वर गेला. रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली. आधी माणसं मोजायची आणि मग आकडा ठरवायचा, हा क्रम उलटला की पुढच्या पिढ्यांनाही तो सरळ करता येत नाही, हे मी दर वर्षी जीव तोडून सांगत आले.

सरकार स्वतः चुकलं तर काय, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. मेरठमध्ये पोलिसांनी जप्त केलेलं सोनं पोलीस ठाण्यातल्याच माणसाने पळवलं, तरी मालकाला भरपाई मिळाली नाही. पोलिसांचं ते काम राज्याच्या सार्वभौम अधिकारातलं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये म्हटलं आणि संसदेने कायदा करावा अशी अपेक्षा व्यक्त केली. विधी आयोगाने तर 1956 च्या आपल्या पहिल्याच अहवालात तसा कायदा सुचवला होता. तो अजून झालेला नाही. याच ढालीआड राज्य औरंगाबादच्या एका प्रकरणातही उभं राहिलं. 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. नवऱ्याने दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णालय चालवणं हे सार्वभौम अधिकाराचं काम नाही, आणि राज्याला भरपाई द्यायला लावली. मधे 33 वर्षं गेली. वर्गातली मुलं तेव्हा विशीची असायची. तुमच्या सगळ्या आयुष्याहून हा दावा मोठा होता, असं सांगितलं की त्यांना विलंब म्हणजे काय ते समजायचं.

माझे काही विद्यार्थी विमा कंपन्यांच्या पॅनेलवर गेले. त्यांच्याकडूनही मी शिकले. एकाने सांगितलं की काही प्रकरणांत धडक देणारी गाडी सापडत नाही, म्हणून विमा असलेली भलतीच गाडी उभी केली जाते. असे खोटे दावे शोधून काढणं हे त्याचं काम, आणि ते तो मनापासून करतो, कारण प्रत्येक खोट्या दाव्यानंतर पुढच्या खऱ्या विधवेकडे संशयाने पाहिलं जातं. एका डॉक्टरांनी चर्चासत्रात विचारलं होतं की 1995 मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आल्यापासून आम्ही भीतीने काम करतो, ते तुम्हाला चालतं का? मी त्यांना म्हटलं की उपचार फसणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. केसपेपरवर त्या त्या वेळी खरं लिहिलेलं असेल तर तोच डॉक्टरचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो. दोन्ही बाजूंचं भलं प्रामाणिक नोंदीत आहे, हा धडा मी पुढे प्रत्येक तुकडीला दिला.

अलीकडे काही गोष्टी बदलत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्ड्याला नशीब म्हणायची सवय मोडायला असे आदेश लागतात.

पण एका बदलाची मला मनापासून काळजी वाटते. एप्रिल 2022 पासून मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांत लावायची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी कायद्याच्या पुस्तकात ती आज आहे. आपल्या घरांत माणूस गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत पैशांचा विषय काढत नाहीत. त्या एका वर्षात लाज सरत नाही आणि मुदत मात्र सरते. पंचनाम्याची प्रत, दूधबिलं, ठेकेदाराचा पत्ता, हे सगळंही तोवर विरत जातं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. वकिलाने दारोदार जाऊन काम मागायचं नसतं, पण नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या घरात असा मृत्यू झाला असेल तर तेरावं झाल्यावर जरूर जा. भरपाईचा आकडा आधी काढू नका. गेलेला माणूस काय काय करायचा ते विचारा आणि समोर बसून लिहून घ्या. मग पोलिसांचे कागद जपून ठेवायला सांगा. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो, हे तिला सांगा. दावा लावायचा की नाही हे तिचं तिने ठरवावं, पण मुदतीच्या आत ठरवावं, आणि लाजेपोटी नाही म्हणू नये.